राउटरचा मार्गतक्ता : पाहिलेले आणि ऐकलेले

राउटर या यंत्राला नेटवर्कमधील साऱ्या वाटा ठाऊक असतात, असा सर्वसाधारण समज आहे. पडद्यावर त्याचा मार्गतक्ता उमटला की हा समज अधिकच दृढ होतो. सरळ ओळी, कंसातील आकडे, सेकंदांची नोंद. सारे कसे लॉगॅरिथमच्या कोष्टकासारखे निर्विवाद दिसते. वस्तुतः त्या तक्त्यातील फार थोड्या ओळी राउटरने स्वतः अनुभवलेल्या असतात. बाकीच्या ओळी म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेली हकीकत होय, आणि शेजाऱ्यालाही ती बहुधा त्याच्या शेजाऱ्याकडूनच कळलेली असते.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवाक्य, विश्वासू माणसाचे सांगणे. राउटरजवळ यांपैकी मुख्यतः दोनच असतात, प्रत्यक्ष आणि शब्द. सांगणारा खरोखर आप्त आहे की नाही, हे पारखण्याची सोय मात्र जुन्या राउटरांत जवळजवळ नव्हती. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण माणसांसाठी आहे. राउटर जनाचे ऐकतो आणि जनाचेच करतो. म्हणूनच तक्ता वाचणाऱ्या माणसाने आपले मन जागे ठेवावे लागते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी या लेखात तीन जुन्या प्रोटोकॉलांचे तक्ते पाहू या : नॉव्हेल कंपनीचा आयपीएक्स, अ‍ॅपलचा अ‍ॅपलटॉक आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा डेकनेट. आज सर्वत्र आयपी या एकाच प्रोटोकॉलचे राज्य आहे. मग जुने कशाला उकरायचे? कारण या तिघांनी ऐकीव ज्ञानाचा वेळ आणि संशय तीन निरनिराळ्या रीतींनी लिहून दाखविला आहे. शेजारी शेजारी ठेवून पाहिले की तक्त्याच्या प्रत्येक रकान्यामागचा विचार स्पष्ट होतो.

राउटर काय करतो

एका इमारतीतील संगणक एका तारेने जोडले की एक नेटवर्क होते. अशी अनेक नेटवर्के एकमेकांना जोडण्याचे काम राउटर करतो. त्याला अनेक दारे असतात. तांत्रिक भाषेत त्यांना इंटरफेस म्हणतात. एका दारातून पॅकेट आत येते, राउटर त्यावरील पत्ता वाचतो, आपल्या तक्त्यात पाहतो आणि योग्य त्या दारातून ते बाहेर सोडतो. टपाल कार्यालयातील वर्गीकरण करणारा कारकून हेच करीत असतो. पत्र शेवटी कोणाच्या घरी जाणार हे त्याला पाहावे लागत नाही. पुढची पिशवी कोणती, एवढे कळले की पुरे.

१९८० च्या दशकात आणि १९९० च्या पूर्वार्धात एकाच संस्थेत तीन-चार प्रोटोकॉल एकत्र नांदत असत. हिशेबाच्या खोलीत नॉव्हेलचे नेटवेअर, छपाईच्या खोलीत अ‍ॅपलचे मॅकिन्टॉश, प्रयोगशाळेत डिजिटलची व्हॅक्स यंत्रे. १९८४ साली स्थापन झालेल्या सिस्को कंपनीच्या राउटरांना जी मागणी आली, तिचे एक मोठे कारण हे, की एकच यंत्र या साऱ्यांच्या भाषा बोलत असे. प्रत्येक भाषेसाठी त्याच्याजवळ वेगळा तक्ता असे. तो पाहण्याच्या आज्ञा ‘शो’ या शब्दाने सुरू होत. शो म्हणजे दाखव. या आज्ञा फक्त दाखवितात, बदलत काहीच नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याने त्या निर्धास्तपणे द्याव्यात.

आधी स्थिती, मग मार्ग

पहिली आज्ञा ‘शो प्रोटोकॉल्स’. कोणकोणते प्रोटोकॉल चालू आहेत आणि प्रत्येक दाराची अवस्था काय, हे ती दाखविते. दारापुढे साधारण असे वाक्य येते : ‘इथरनेट ० इज अप, लाइन प्रोटोकॉल इज अप’. नवशिका वाचक हे एकच विधान समजतो. वास्तविक ती दोन विधाने आहेत. पहिले विधान यंत्रभागाविषयीचे आहे : दार सुस्थितीत आहे, संकेत मिळतो आहे. दुसरे विधान संभाषणाविषयीचे आहे. राउटर साधारण दर १० सेकंदांनी ‘जिवंत आहे’ असा एक लहानसा निरोप तारेवर टाकतो, आणि त्या व्यवहारावरून ही तार बोलण्याच्या उपयोगाची आहे की नाही ते ठरवितो. पहिले ‘अप’ आणि दुसरे ‘डाउन’ असेल, तर दाराशी संकेत आहे पण पलीकडून धड उत्तर नाही, असा अर्थ घ्यावा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असे दिसले तर मात्र बिघाड शोधू नये. कोणीतरी आज्ञा देऊन ते दार मुद्दाम बंद केलेले आहे.

ही स्थिती आधी पाहण्याचे कारण साधे आहे. राउटरचे प्रत्यक्ष ज्ञान एवढेच. जी नेटवर्के त्याच्या स्वतःच्या दारांना जोडलेली आहेत तेवढीच त्याने पाहिलेली असतात. तक्त्यात अशा ओळीच्या आरंभी ‘सी’ हे अक्षर असते, म्हणजे कनेक्टेड, जोडलेले. दार पडले की ती ओळही तक्त्यातून नाहीशी होते.

नॉव्हेलचा तक्ता : वय सांगणारी ओळ

आता ‘शो आयपीएक्स रूट’ ही आज्ञा घेऊ. झेरॉक्स कंपनीच्या एक्सएनएस या प्रोटोकॉलवरून नॉव्हेलने आयपीएक्स तयार केला. त्याच्या तक्त्यातील एक नमुन्याची ओळ अशी :

आर १००० [०७/०१] व्हाया २०००.००६०.४७१२.३४५६, २४ सेकंद, सीरियल ०

आरंभीचे ‘आर’ सांगते की ही बातमी रिप या पद्धतीने, म्हणजे शेजाऱ्याकडून ऐकून मिळाली. १००० हा दूरच्या नेटवर्कचा क्रमांक. कंसातील पहिला आकडा टिकांचा, दुसरा टप्प्यांचा. एक टिक म्हणजे सेकंदाचा सुमारे १८ वा भाग. जुन्या वैयक्तिक संगणकाचे घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देत असे, त्यावरून हे माप आले. सात टिक म्हणजे सुमारे ०.३८ सेकंद. परंतु हे घड्याळ लावून मोजलेले नसते. स्थानिक तारेला १ आणि दूरच्या संथ तारेला ६ अशी ठोकळ किंमत धरलेली असते, आणि तिची बेरीज होत जाते. मोजमापासारखा दिसणारा हा आकडा खरे पाहता अंदाज आहे.

‘व्हाया’नंतर पुढच्या राउटरचा पत्ता येतो : आधी नेटवर्काचा क्रमांक, मग त्या यंत्राचा. शेवटी २४ सेकंद. ही बातमी ऐकून किती वेळ झाला, ते हा आकडा सांगतो. आयपीएक्सचे राउटर दर ६० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना ऐकवितात. म्हणून हा आकडा शून्यापासून साठापर्यंत चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. तो ७०, ९०, १२० असा चढत राहिला, तर शेजारी गप्प झाला आहे असे समजावे. तीन फेऱ्या म्हणजे १८० सेकंद बातमी आली नाही, की राउटर त्या ओळीवरचा भरवसा सोडतो.

याच प्रोटोकॉलात आणखी एक बोलके कोष्टक आहे : ‘शो आयपीएक्स सर्व्हर्स’. नेटवर्कवरील प्रत्येक फाइल-सर्व्हर व छपाईयंत्र यांची नावे त्यात असतात. ही नावेही दर मिनिटाला सर्वांना ऐकविली जात. एका पॅकेटात सातच नावे मावतात, आणि भरलेले पॅकेट ४८० बाइटचे होते. तार सेकंदाला ९६०० बिट वाहून नेणारी असेल, तर अशा एका पॅकेटाला ०.४ सेकंद लागतो. कोष्टकात ३५० नावे असतील तर ५० पॅकेटे, म्हणजे दर मिनिटातील २० सेकंद. तारेचा तिसरा हिस्सा नुसती नावे पुकारण्यात खर्च! ‘नेटवर्क संथ चालते’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा मार्गांच्या तक्त्यात नसून नावांच्या या कोष्टकात असे. ऐकीव ज्ञान फुकट मिळत नाही. तारेचे भाडे त्यालाही भरावे लागते.

अ‍ॅपलटॉक : संशयाचे अक्षर

अ‍ॅपलटॉक १९८५ साली आला. त्याची आज्ञा ‘शो अ‍ॅपलटॉक रूट’, आणि ओळ अशी :

आर नेट ४१-४२ [२/जी] व्हाया १०.१२, ५ सेकंद, इथरनेट ०, झोन फिजिक्स

येथे एका क्रमांकाऐवजी क्रमांकांचा पट्टा आहे, आणि शेवटी झोनचे नाव आहे. वापरणाऱ्याला आकडे लक्षात ठेवावे लागू नयेत, ‘फिजिक्स’ असे नाव निवडले की तेथील यंत्रे दिसावीत, ही अ‍ॅपलची दृष्टी. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कंसातील अक्षर. दोन हे टप्पे झाले. ‘जी’ म्हणजे गुड, चांगला. या जागी ‘एस’ असेल तर सस्पेक्ट, संशयित. ‘बी’ असेल तर बॅड, वाईट.

अ‍ॅपलटॉकचे राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना बातमी देतात. ती वेळेवर येत राहिली तर मार्ग चांगला. चुकली तर तो संशयित ठरतो, आणखी उशीर झाला की वाईट, आणि मिनिटभर काहीच ऐकू आले नाही की नोंद काढून टाकली जाते. नॉव्हेलच्या तक्त्यात वय पाहून संशय आपण घ्यायचा. येथे राउटर स्वतःच आपला संशय अक्षराने कबूल करतो. तक्त्याच्या इतिहासातील ही मोठी प्रामाणिक गोष्ट आहे. दर दहा सेकंदांच्या या बोलण्यामुळे अ‍ॅपलटॉक हा फार बडबडा प्रोटोकॉल म्हणून बदनामही झाला, हे येथे नमूद केले पाहिजे.

डेकनेट : उलटे घड्याळ

‘शो डेकनेट रूट’ या आज्ञेने येणाऱ्या तक्त्याची घडण वेगळी आहे. डेकनेटच्या चौथ्या पिढीत पत्ता १६ बिटांचा असतो : ६ बिट विभागासाठी, १० बिट यंत्रासाठी. म्हणून विभाग १ ते ६३ आणि प्रत्येक विभागात यंत्रे १ ते १०२३. पत्ता १.५ असा लिहितात. पहिल्या पातळीचे राउटर फक्त आपल्या विभागातील यंत्रे ओळखतात; दुसऱ्या पातळीचे राउटर विभागाविभागांतील वाटा सांभाळतात. तेव्हा पहिल्या पातळीच्या राउटरवर परक्या विभागाची ओळ दिसली नाही तर घाबरू नये. ते ज्ञान ठेवणे त्याचे कामच नव्हे.

तक्त्यात टप्पे असतात, पण मार्ग ठरतो तो खर्चावरून. प्रत्येक दाराला व्यवस्थापक एक खर्च नेमून देतो. समजा एका वाटेने एकच टप्पा आहे, पण तार संथ असल्याने खर्च २० लावला आहे. दुसऱ्या वाटेने तीन टप्पे आहेत, प्रत्येकी खर्च ४. राउटर १२ खर्चाची लांब वाट धरील. टप्पे मोजून ‘राउटर चुकला’ असा निर्णय येथे देता येत नाही.

याच तक्त्यात ‘एक्स्पायर्स’ नावाचा रकाना आहे. समजा तेथे ३८ लिहिले आहे. आयपीएक्समध्ये ३८ म्हणजे बातमी ऐकून ३८ सेकंद झाले. डेकनेटमध्ये ३८ म्हणजे नोंद रद्द व्हायला ३८ सेकंद उरले. एक वय सांगतो, दुसरा उरलेले आयुष्य. एकात मोठा आकडा चिंतेचा, दुसऱ्यात लहान आकडा. रकान्याचे शीर्षक न वाचता आकडा वाचणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

डेकनेटची आणखी एक खोड सांगण्याजोगी आहे. तो आपल्या पत्त्यावरून तारेवरील यंत्राचा भौतिक पत्ताच बदलून टाकतो. १.५ हा पत्ता घ्या. १ गुणिले १०२४ अधिक ५, म्हणजे १०२९. सोळाच्या पाढ्यात ही संख्या ०४०५ होते. तिचे दोन भाग उलटे करून ठरलेल्या आरंभापुढे जोडले, की भौतिक पत्ता तयार : एए-००-०४-००-०५-०४. इकडे आयपीएक्स आपल्या यंत्राचा क्रमांक याच भौतिक पत्त्यावरून घेतो. म्हणून एकाच दारावर दोन्ही चालवायचे असतील तर आधी डेकनेट सुरू करावा, मग आयपीएक्स. उलट केले तर चालता आयपीएक्स विस्कळीत होई, कारण पायाखालचा पत्ताच बदलला जाई. अशा वेळी केवळ आयपीएक्सचा तक्ता पाहून कारण सापडणे कठीण. ते शेजारच्या प्रोटोकॉलात दडलेले असते.

ताजी बातमी खोटीही असते

वय लहान म्हणजे बातमी ताजी, आणि ताजी म्हणजे खरी, असे आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणासही वाटेल. येथेच खरी गोम आहे.

अ, ब आणि क असे तीन राउटर एका ओळीत जोडले आहेत अशी कल्पना करा. क च्या दारी एक नेटवर्क आहे. ब त्याला एका टप्प्यावर मानतो, अ दोन टप्प्यांवर. आता ब आणि क यांमधील तार तुटली. ब आपली ओळ पुसतो. इतक्यात अ नेहमीप्रमाणे सांगतो, ‘ते नेटवर्क मला दोन टप्प्यांवर मिळते.’ ही माहिती मुळात आपणच अ ला दिली होती, हे ब ला कळत नाही. तो तीन टप्पे लिहून मोकळा होतो. पुढच्या फेरीत अ हे तीन ऐकून चार लिहितो, मग ब पाच. काही खबरदारी घेतलेली नसेल आणि मिनिटाला एक फेरी असेल, तर आकडा १६ पर्यंत जाण्यास सहा-सात मिनिटे लागतात. १६ म्हणजे ‘पोहोचता येत नाही’ असा संकेत आहे. तोपर्यंत त्या नेटवर्काकडे निघालेली पॅकेटे अ आणि ब यांच्यामध्ये चेंडूसारखी इकडून तिकडे फिरत राहतात.

या सहा-सात मिनिटांत तक्ता कसा दिसतो? ओळ जागेवर आहे. वय लहान आहे, कारण बातमी दर मिनिटाला ताजी होते आहे. एकदाच पाहणाऱ्याला काहीही वावगे दिसणार नाही. दोन-तीन वेळा पाहणाऱ्याला मात्र टप्प्यांचा आकडा चढताना दिसेल. अफवेचे लक्षणच हे की ती कधी शिळी होत नाही. यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे ज्याच्याकडून ऐकले त्यालाच ते परत सांगू नये. याला स्प्लिट होरायझन म्हणतात. तो दोन राउटरांमधला प्रकार थांबवितो; तीन-चार राउटरांच्या वर्तुळात मात्र अफवा तरीही फिरू शकते.

ही केवळ पाठ्यपुस्तकी भीती नव्हे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे नेटवर्क काही तास ठप्प झाले. तेथे पद्धत वेगळी होती : प्रत्येक केंद्र आपल्या तारांची स्थिती अनुक्रमांकासह सर्वांना कळवीत असे, आणि नवा क्रमांक आला की जुना संदेश टाकून दिला जाई. क्रमांक ० ते ६३ असे घड्याळासारखे फिरत. यंत्रबिघाडाने बिट गळून एकाच केंद्राच्या नावाचे ८, ४० आणि ४४ असे तीन संदेश एकाच वेळी फिरू लागले. त्या वर्तुळाकार मोजणीत ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक संदेश दुसऱ्याला हटवी आणि पुढे पाठविला जाई. सारी केंद्रे नियमाप्रमाणे वागत होती, आणि त्या नियमपालनातच नेटवर्क गुदमरले.

तक्ता वाचण्याची रीत

यावरून विद्यार्थ्याने एक क्रम बांधून घ्यावा. प्रथम दारांची स्थिती पाहावी, म्हणजे प्रत्यक्ष काय आहे ते कळेल. मग ओळीचे पहिले अक्षर पाहावे : जोडलेले की ऐकलेले? नंतर वेळेचा रकाना. तो वय सांगतो की उरलेले आयुष्य, हे शीर्षकावरून ठरवावे. मग तीच आज्ञा एका फेरीहून अधिक अंतराने पुन्हा द्यावी आणि काय बदलले ते पाहावे. ‘शो आयपीएक्स ट्रॅफिक’सारख्या आज्ञांतील आकडे तर विजेच्या मीटरसारखे साठत जाणारे असतात, एका वाचनाला अर्थ नसतो, दोन वाचनांतील फरकाला असतो. त्यानंतर शेजारच्या राउटरवर जाऊन त्याचा तक्ता पाहावा, कारण साक्ष तपासायची तर साक्षीदारालाच विचारले पाहिजे. शेवटी पिंग करून पॅकेट खरोखर जाऊन परत येते का ते पाहावे. मार्ग आहे असे सांगणारी ओळ आणि मार्गाने जाऊन आलेले पॅकेट यांत ऐकणे आणि पाहणे यांएवढाच फरक आहे.

हे तिन्ही प्रोटोकॉल आता निवृत्त झाले आहेत. नॉव्हेलने १९९८ च्या नेटवेअर ५ मध्ये आयपीला घरचे स्थान दिले. अ‍ॅपलने २००९ साली मॅक ओएस एक्सच्या १०.६ या आवृत्तीत अ‍ॅपलटॉकला निरोप दिला. लिनक्सच्या गाभ्यातून आयपीएक्स २०१८ मध्ये आणि डेकनेट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आला. तक्त्याची घडण मात्र उरली. आज ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा दिली तर तेच आरंभीचे अक्षर, तोच ‘व्हाया’, तोच कंस दिसतो. कंसाचा अर्थ तेवढा बदलला आहे. सिस्कोच्या राउटरवर त्यातील पहिला आकडा आता अंतराचा नसून विश्वासाचा असतो, आणि जितका लहान तितका विश्वास अधिक. स्वतःच्या दाराशी जोडलेल्या नेटवर्काला ०, माणसाने हाताने लिहून दिलेल्या मार्गाला १, ओएसपीएफकडून कळलेल्याला ११० आणि जुन्या रिपकडून कळलेल्याला १२०.

प्रत्यक्षाला पहिले स्थान आणि ऐकीवाला त्याच्या मागचे, त्यातही कोणाकडून ऐकले यावरून प्रतवारी. एवढा विवेक यंत्राला आकड्यांनी शिकविता आला. आपल्यासमोर येणारी ओळ त्या प्रतवारीत कोठे बसते, हे विचारण्याचे काम मात्र अजून वाचणाऱ्याकडेच आहे.